कोवळ्या रोपांचा हिवाळा

बदलीच्या निमित्ताने मुंबई-कोकणातून दिल्लीला जाणाऱ्या मराठी कुटुंबाच्या सामानात तुळशीची आणि कढीपत्त्याची कुंडी पुष्कळदा आढळते. डिसेंबर उजाडला की कढीपत्ता पाने गाळू लागतो, तुळस काळवंडते आणि घरातील मंडळी धास्तावतात. मग दोन्ही वेळा पाणी, मूठभर खत आणि बाजारात मिळेल त्या कीटकनाशकाची फवारणी असा उपचार सुरू होतो. अनेकदा रोप दगावते ते थंडीपेक्षा या उपचारानेच.

कडाक्याच्या थंडीत कढीपत्त्याची वाढ थांबते. ती त्याची विश्रांती असते. या काळात मुळे पाणी कमी शोषतात. माती सतत ओली राहिली तर ती कुजतात. नत्रयुक्त खतामुळे फुटलेली लुसलुशीत पालवी थंडीला प्रथम बळी पडते आणि मावा किडीलाही तीच अधिक प्रिय असते. म्हणूनच वरची माती सुकल्यावर सकाळी बेताचे पाणी देणे आणि खत थंडी ओसरेपर्यंत लांबणीवर टाकणे श्रेयस्कर.

निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमिनीतील ऊब झपाट्याने निघून जाते. निफाड परिसरात पारा 5 अंशांच्या खाली उतरू लागला की द्राक्षबागाईतदार बागेत शेकोट्या पेटवतात. कुंडीसाठी मात्र भिंतीचा आडोसा आणि काठ्यांच्या आधाराने पांघरलेले गोणपाट पुरेसे होते. सायंकाळी घातलेले हे पांघरूण ऊन येताच काढणे तेवढेच आवश्यक. उत्तर भारतात थंडीत तुळशीवर ओढणी घालण्याची प्रथा आहे. तिच्यात श्रद्धेइतकेच शहाणपणही आहे.

किडीच्या बाबतीतही तेच. मावा व पिठ्या ढेकूण प्रथम शेंड्यावर आणि पानांच्या मागे दिसतात. त्याच दिवशी ओल्या फडक्याने पुसून काढल्यास पुढचा प्रसार टळतो. प्रादुर्भाव वाढलाच तर लिटरभर पाण्यात 5 मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि साबणाच्या पाण्याचे काही थेंब मिसळून ऊन चढण्यापूर्वी फवारावे. ढालकिड्याची काळपट, खडबडीत अळी मावा फस्त करते. परंतु तिच्या रूपामुळे तिलाच शत्रू समजून मारले जाते.

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजुरांचा बळी घेतला. ज्यांची उपजीविकाच पिकावर अवलंबून आहे, त्यांना तो धोका पत्करावा लागला. चार कुंड्यांसाठी, मुले खेळतात त्या सज्जात आणि कोशिंबिरीसाठी कोथिंबीर खुडतात त्या वाफ्यात, असे विष आणण्याचे काहीच कारण नाही.

रोज पाच मिनिटे पाने उलटून पाहण्याची सवय हीच घरच्या बागेची खरी राखण होय. नियमित बचतीप्रमाणे तिचेही मोल प्रथम जाणवत नाही. फेब्रुवारीअखेर निष्पर्ण कढीपत्त्याला पोपटी कोंब फुटतात, तेव्हा ते कळते.