पाटण्याच्या शिलालेखाने आपल्याला विचारलेला प्रश्न

१/१२
"खानदेशात केळी, कापूस आणि ऊन, इतिहास तो कसला?" हे वाक्य आपण खानदेशीच हसत हसत म्हणतो. आजचा धागा चाळीसगाव तालुक्यातील पाटणे या एका गावाविषयी आहे. वारसा सांभाळताना आपण नेमके कुठे चुकतो, हे तिथे लख्ख दिसते.

२/१२
१९७२-७३ मध्ये एस. ए. साळी यांनी येथे उत्खनन केले. त्यात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा कोरीव नक्षी असलेला तुकडा सापडला. काळ, सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा. भारतातील कलेच्या प्राचीनतम पुराव्यांत त्याची गणना होते.

३/१२
परिसरातच यादवकालीन धाटणीचे महादेव मंदिर, नागार्जुन व सीतान्हाणी ही लेणी, कण्हेरगड आणि पाटणादेवीचे देवस्थान. डोंगरात थोडे पुढे गेले की इसवी सनापूर्वीची पितळखोरा लेणी. आणि या सर्वांभोवती गौताळा औट्रम घाट अभयारण्याचे जंगल.

४/१२
पण पाटण्याचा मुकुटमणी म्हणजे शके ११२८ चा शिलालेख. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्याने येथे मठ स्थापला. निकुंभ वंशातील सोइदेव आणि हेमाडिदेव या बंधूंनी मठाला दाने दिली.

५/१२
लेख संस्कृतात आहे, पण शेवटचा भाग मराठीत. का? कारण तो भाग बाजारात बसणाऱ्या माणसाला कळणे आवश्यक होते. पाटणच्या पेठेत विकल्या जाणाऱ्या मालावर राजाला मिळणारा कर मठाला दिला आहे, घाण्यामागे पळी पळी तेल ठरवून दिले आहे.

६/१२
म्हणजे हेतू लिहिलेला, जबाबदारी नेमलेली, उत्पन्न बांधून दिलेले. आणि हे सारे लोकांच्या भाषेत, दगडावर. आठशे वर्षांपूर्वीचा हा व्यवस्थापन आराखडाच होय. आता आपला आराखडा पाहू.

७/१२
मंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे. जंगल १९८६ पासून अभयारण्य, म्हणून वनविभागाकडे. पाटणे जळगाव जिल्ह्यात, तर पितळखोरा छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात. मंदिराला १९५८ चा कायदा, वन्यजीवांना १९७२ चा. प्रत्येकाकडे एक तुकडा आहे. संपूर्ण पाटणे कोणाच्याच दप्तरात नाही.

८/१२
२०१० च्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामास बंदी आणि पुढील २०० मीटर नियंत्रण आले. स्मारकाची हानी केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. निळ्या फलकावरून आपल्याला शिक्षा कळते. ही वास्तू मोलाची का, हे मात्र कळत नाही. ज्याचे मोल ठाऊक नाही, त्याचे रक्षण माणूस केवळ भीतीने किती काळ करील?

९/१२
पहिला आक्षेप: "लोकांनाच आस्था नाही." शेजारच्या धुळ्याकडे पाहा. १९२६ च्या अखेरीस इतिहासाचार्य राजवाडे यांचे तिथे निधन झाले आणि १९२७ मध्ये धुळेकरांनी राजवाडे संशोधन मंडळ उभे केले. सरकारी आदेशाची वाट कोणी पाहिली नाही. नवरात्रात पाटणादेवीला लोटणारी गर्दीही आस्थेचीच आहे. त्या गर्दीला शिलालेखाशी जोडून देणे कोणाचे काम?

१०/१२
दुसरा आक्षेप: "पैसा नाही." हे अंशतः खरे. २०२२ मध्ये संसदीय समितीसमोर आलेली माहिती अशी: केंद्रसंरक्षित स्मारके ३,६९३; रक्षक हवेत सात हजार; प्रत्यक्षात २,५७८, तेही केवळ २४८ ठिकाणी. पण म्हणूनच सोइदेवाचा धडा घ्यायचा. दिल्लीच्या अनुदानावर विसंबण्याऐवजी स्थानिक उत्पन्नाचा ठरलेला वाटा त्या जागेलाच बांधून द्यायचा.

११/१२
आपण मात्र भास्कराचार्यांचे जन्मगाव कोणते, यावरच हमरीतुमरीवर येतो. ते विज्जडवीड नेमके कुठले, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मठाविषयी मात्र दगडावर कोरलेला पुरावा आहे. अनिश्चित गोष्टीचा अभिमान मिरवायचा आणि निश्चित गोष्ट उपेक्षेत ठेवायची, याला इतिहासप्रेम म्हणत नाहीत.

१२/१२
मागणी साधी आहे. पुरातत्त्व, वनविभाग, दोन्ही जिल्हा प्रशासने, देवस्थान आणि ग्रामपंचायत यांचा पाटण्यासाठी एकच लेखी आराखडा. बांधून दिलेला निधी. गावातल्या तरुणांना वाटाडे म्हणून प्रशिक्षण आणि रोजगार. आणि शिलालेखाचा आजच्या मराठीतील अर्थ, प्रत्येकाला वाचता येईल असा. चांगदेवाने पुस्तके जपण्यासाठी अख्खी पेठ कामाला लावली. आपल्याला एक बैठकही लावता येऊ नये?