घसरल्यावर काय?

शुक्रवारी रात्री 'एकच बीअर' म्हणून सुरू झालेली बैठक कुठे जाऊन संपते, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. माझ्या एका मित्राची केस मात्र वेगळी. पठ्ठ्याने ७२ दिवस दारूला हात लावला नव्हता. मग ऑफिसच्या पार्टीत एक ग्लास घेतला आणि 'आता मोडलंच ना, मग थांबायचं कशाला?' म्हणत पुढचे तीन आठवडे धुवून काढले.

घात ग्लासाने केला की त्या 'मोडलंच ना'ने? मला पटलेलं उत्तर डीबीटीत सापडलं. डीबीटी म्हणजे डायलेक्टिकल बिहेव्हियर थेरपी. नाव जड, फंडा सोपा. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांनी ती आत्महत्येच्या टोकाला पोचलेल्या पेशंटसाठी तयार केली. त्यावरचा गाजलेला अभ्यास १९९१चा. पुढे १९९९ मध्ये बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर आणि ड्रग्ज, अशा दुहेरी कात्रीत सापडलेल्या स्त्रियांवरही ती वापरून पाहिली गेली. आणि २०११ मध्ये लिनेहनबाईंनी जाहीर सांगितलं, की तरुणपणी आपणही अशाच पेशंट होतो. थोडक्यात, बाई नुसत्या पुस्तकातून बोलत नव्हत्या.

डायलेक्टिकल म्हणजे उलट वाटणाऱ्या दोन गोष्टी एकदम खऱ्या मानणं. 'तू आहेस तसा मला मान्य आहेस' आणि 'तुला बदलायलाच हवं'. (आपल्या आया हे दोन्ही एका दमात बोलतात, ती गोष्ट वेगळी!) व्यसनाच्या बाबतीतही तसंच. एकीकडे शंभर टक्के बंद, थेंबही नाही. आयुष्यभराची शपथ झेपत नाही? मग आजच्यापुरती घ्या. तीही जड जातेय? पुढच्या पाच मिनिटांपुरती घ्या. दुसरीकडे, पाय घसरलाच तर स्वतःला शिव्या घालत बसायचं नाही. भांडण कुणाशी झालं, मनात काय आलं, पावलं कुठे वळली, ही साखळी कडी न् कडी तपासायची आणि लगेच परत शून्यावर यायचं.

यासाठी दर आठवड्याला थेरपिस्टबरोबर सेशन, शिवाय ग्रुपमध्ये शिकवणी. रोज डायरी कार्ड भरायचं, अडलं तर थेरपिस्टला फोन. कारण अनेकांसाठी नशा हा असह्य राग किंवा एकटेपणा विझवायचा शॉर्टकट असतो. तो काढून घेतला तर हातात दुसरं काहीतरी द्यावं लागतं. तल्लफ लाटेसारखी चढते आणि ओसरते. तिच्याशी कुस्ती न खेळता ती जाईपर्यंत बघत राहणं, हे त्यातलंच एक कौशल्य. दुसरं म्हणजे पूल जाळून टाकणं: नंबर डिलीट, बाटली मोरीत, कंपूला स्पष्ट नकार.

जादूची कांडी नाही हं ही! भावनांची वादळं आणि व्यसन दोन्ही एकत्र असतील, तिथे हिचा खरा उपयोग. आणि रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरांशिवाय एका झटक्यात सोडू नये, ते जिवावर बेतू शकतं. कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६.

आणि जवळचं कुणी घसरलंच, तर 'मी म्हटलं होतं ना' हे वाक्य जरा गिळा. 'काय झालं नेमकं? आणि आजची रात्र कशी काढायची?' एवढंच विचारा. मग मोबाइल सायलेंटवर टाकू नका, बास.