मनाचे शास्त्र आणि घरची भाषा

बारावीचा निकाल हाती आला की मुलाने वा मुलीने पुढे कोणता विषय घ्यावा, याची चर्चा घरोघरी सुरू होते. झाशीतील मराठी घरेही याला अपवाद नाहीत. १७४२ साली नारो शंकर झाशीचे सुभेदार झाले. मराठ्यांच्या त्या अमदानीत दक्षिणेतून अनेक कुटुंबे तिकडे गेली आणि तिकडचीच झाली. त्यांच्या वंशजांच्या घरात मराठी, शाळेत हिंदी आणि बाजारात बुंदेली कानी पडते. अशा घरातील मुलीने ‘मी बी. ए. ला मानसशास्त्र घेणार’ असे म्हटले, की वडीलधाऱ्यांच्या मनात शंकांची गर्दी होते. हे शास्त्र शिकून दुसऱ्याच्या मनातले ओळखता येते काय? जन्मभर मनोरुग्णांतच वावरावे लागेल काय? आणि पुढे चरितार्थाचे काय? या शंका काही झाशीपुरत्याच नाहीत. म्हणून आजच्या लेखात त्यांचा थोडा विस्ताराने विचार करू.

प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे, की मानसशास्त्र म्हणजे मनकवडेपणा नव्हे. पूर्वी हा विषय तत्त्वज्ञानाच्या पोटात शिकवला जात असे. १८७९ साली विल्हेल्म वुंट यांनी जर्मनीतील लाइप्झिग येथे प्रयोगशाळा काढली, तेव्हापासून तो स्वतंत्र शास्त्र म्हणून उभा राहिला. आपल्या देशात कलकत्ता विद्यापीठाने १९१६ साली या विषयाचा वेगळा विभाग सुरू केला. पुणे विद्यापीठातही १९५० च्या सुमारास प्रायोगिक मानसशास्त्राचे शिक्षण सुरू झाले. ‘प्रायोगिक’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. माणूस कसा पाहतो, कसे लक्षात ठेवतो, का विसरतो, रागावतो कशाने, हे केवळ चिंतनाने ठरवावयाचे नाही. प्रयोग करून पाहावयाचे आणि मगच बोलावयाचे, अशी या शास्त्राची शिस्त आहे.

वाचकहो, एक लहानसा प्रयोग आपण आताच करू शकाल. कागदावर आठ सेंटिमीटरच्या दोन आडव्या रेघा काढा. एकीच्या दोन्ही टोकांना बाणाच्या टोकासारखे, आत वळलेले फाटे काढा. दुसरीच्या टोकांना बाहेरच्या बाजूस उघडणारे फाटे काढा. आता घरातील कोणालाही विचारा, लांब रेघ कोणती? बहुतेक जण दुसरी सांगतील. पट्टी लावून दाखवली तरी डोळ्यांना ती लांबच दिसत राहील! १८८९ साली म्यूलर-लायर यांनी वर्णिलेला हा भ्रम बी. ए. च्या प्रात्यक्षिकांत विद्यार्थी अजूनही मोजतात. परंतु याची खरी गंमत पुढेच आहे. इंग्रज संशोधक रिव्हर्स यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी निलगिरीतील तोडा लोकांवर हाच प्रयोग केला, तेव्हा इंग्रजांच्या मानाने तोडांची फसगत कमी झाली असे त्यांना आढळले. म्हणजे, एका देशातील माणसांविषयी जे आढळले ते सर्व माणसांविषयी खरे असेलच असे नाही. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने पहिल्या वर्षीच मनावर कोरून ठेवावा असा हा धडा आहे.

दुसरे उदाहरण स्मरणशक्तीचे. एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने अर्थहीन अक्षरसमूहांच्या याद्या स्वतःच पाठ केल्या आणि काही काळ गेल्यावर त्या पुन्हा पाठ करावयास किती कमी वेळ लागतो हे टिपून ठेवले. १८८५ साली त्याने आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. विसरण्याचा वेग आरंभी फार मोठा असतो आणि पुढे मंदावत जातो. तसेच एका बैठकीत केलेल्या घोकंपट्टीपेक्षा थोड्या थोड्या अंतराने केलेली उजळणी अधिक टिकते. ज्या मुलाला आपण ‘तुझे लक्षच नसते’ म्हणून बोल लावतो, त्याच्या अभ्यासाची रीत चुकत असेल, हा विचार आपल्या मनात कितीदा येतो? मानसशास्त्र शिकणाऱ्या मुलीने घरातील धाकट्या भावासाठी एवढे जरी केले, तरी तिच्या शिक्षणाचे पहिले फळ पदरात पडले असे समजावे.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख मुख्यतः लिहिला, तिच्याकडे वळू. ‘हा मुलगा मठ्ठ आहे’ हे वाक्य आपण किती सहज उच्चारतो! १९०४ साली फ्रान्सच्या शासनापुढे असा प्रश्न होता, की शाळेत मागे पडणाऱ्या मुलांपैकी कोणाला विशेष शिक्षणाची गरज आहे हे ओळखावे कसे? आल्फ्रे बिने आणि त्यांचे सहकारी सिमाँ यांनी १९०५ साली त्यासाठी सोप्यापासून कठिणापर्यंत चढत जाणाऱ्या प्रश्नांची मालिका तयार केली. पुढे तिच्यातून बुद्धिगुणांकाची कल्पना निघाली. आठ वर्षांच्या मुलाला सहा वर्षांच्या मुलाइतकेच जमले, तर सहाला आठाने भागून शंभराने गुणावे; उत्तर पंचाहत्तर. हिशेब सोपा; म्हणूनच धोक्याचा. बिने यांचा हेतू मुलाला मदत मिळावी हा होता, त्याच्या कपाळावर शिक्का मारावा हा नव्हता. तथापि १९१३ साली न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर उतरलेल्या, इंग्रजी न जाणणाऱ्या परदेशी माणसांना दुभाष्यामार्फत असेच प्रश्न विचारले गेले आणि त्यांतील बहुसंख्यांना मंदबुद्धी ठरवण्यात आले. थकलेला, भांबावलेला, परक्या रीतीचा माणूस आणि बुद्धीने उणा माणूस यांतील भेद त्या परीक्षकांना उमगला नाही.

आपल्याकडे हा भेद ओळखून काम करणाऱ्यांत वि. वि. कामत यांचे नाव आदराने घ्यावे लागते. त्यांनी धारवाडकडील मुलांची तपासणी करून बिने यांच्या कसोट्यांची कन्नड आणि मराठी आवृत्ती सिद्ध केली आणि १९४० साली आपले संशोधन ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. परदेशी प्रश्नांचे नुसते भाषांतर त्यांनी केले नाही. आपल्या मुलांना काय ठाऊक असते, कोणत्या वयाला काय जमते, हे मुलांपाशी बसून पाहिले. बिने-कामत कसोटी या नावाने ती आजही आपल्या देशात वापरली जाते. मात्र तिची मूळ प्रमाणे जुनी झाली असल्याने निष्कर्ष काढताना जाणत्या परीक्षकाला सावध राहावे लागते.

नुसत्या भाषांतराने का भागत नाही, हे झाशीच्या मराठी घराला वेगळे सांगावयास नको. तेथील एखाद्या लहान मुलाला ‘शिक्षा म्हणजे काय?’ असा प्रश्न विचारला, असे समजा. शाळेतील हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. घरातील मराठीत शिक्षा म्हणजे छडी! मुलाने ‘गुरुजी मारतात ती’ असे उत्तर दिले, तर ते चूक म्हणावे की बरोबर? ‘खाली’ म्हणजे हिंदीत रिकामे, मराठीत तळाशी. ‘चेष्टा’ म्हणजे हिंदीत प्रयत्न, मराठीत थट्टा. हिंदीतून तपासणाऱ्या परीक्षकाला घरची भाषा ठाऊक नसेल, तर तो एका गुणी बालकाचे गुण वजा करील आणि आईबाप त्या आकड्यावर जन्माचा निर्णय घेतील. हेच बुंदेली बोलणाऱ्या खेड्यातील मुलाच्या बाबतीतही घडू शकते. मनाचे मोजमाप हे शेवटी भाषेतून होते. आणि म्हणून दोनतीन भाषांत वाढलेली मुलगी या शास्त्राला हवी आहे. जी गोष्ट तिला आजवर अडचण वाटली, तीच येथे तिचे भांडवल आहे.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. झाशी येथील बुंदेलखंड विद्यापीठाची स्थापना १९७५ साली झाली, त्यामुळे त्या भागातील मुलामुलींना आपल्याच गावात विद्यापीठ लाभले. उत्तर प्रदेशात २०२१-२२ पासून लागू झालेल्या रचनेप्रमाणे बी. ए. च्या पहिल्या दोन वर्षांत तीन मुख्य विषय घ्यावे लागतात. मानसशास्त्र त्यांपैकी एक असू शकते. ज्या महाविद्यालयात प्रवेश घ्यावयाचा, तेथे आधी स्वतः जाऊन पाहावे. विषय खरोखर शिकवला जातो काय? प्रयोगशाळा उघडी असते काय? अध्यापक आहेत काय? तसेच, गणिताला भिऊन कलाशाखेकडे येणाऱ्यांनी हे ध्यानी धरावे, की येथे संख्याशास्त्र टाळता येत नाही. सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध यांच्याशी मैत्री करावीच लागते. संदर्भग्रंथ पुष्कळसे इंग्रजीत असतात, म्हणून वाचनापुरती इंग्रजी पक्की करावी.

पत्राद्वारे घरबसल्या ही पदवी घेता येईल, असे कोणी सांगितले तर मात्र सावध असावे. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे अभ्यासक्रम दूरस्थ अथवा ऑनलाइन पद्धतीने चालवू नयेत, असा आदेश विद्यापीठ अनुदान आयोगाने दिला आहे. त्यामागील विचार उघड आहे. माणसाच्या मनाला हात घालावयाचा, तर माणसांमध्ये बसूनच शिकले पाहिजे.

चरितार्थाविषयी प्रामाणिकपणे बोलावयाचे, तर केवळ बी. ए. झालेली व्यक्ती रुग्णांवर उपचार करू शकत नाही, आणि तिने तसा प्रयत्नही करू नये. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ होण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेले, प्रत्यक्ष रुग्णालयातील देखरेखीसह घेतलेले पुढील शिक्षण आवश्यक असते. हे मार्ग सध्या बदलत आहेत, तेव्हा प्रवेशापूर्वी परिषदेकडूनच माहिती घेणे हितावह. मात्र पदवीनंतर शिक्षकी पेशा, समाजकार्य, समुपदेशन, कर्मचारी-व्यवस्थापन, शासकीय स्पर्धा-परीक्षा अशा अनेक दिशा खुल्या राहतात. बहुतेक ठिकाणी त्या त्या क्षेत्राचे पुढील शिक्षण घ्यावे लागते, एवढेच.

आणि गरज तर मोठी आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातील प्रौढांपैकी शेकडा दहा ते अकरा व्यक्तींना कोणती ना कोणती मानसिक व्याधी असल्याचे आढळले. आणि निरनिराळ्या व्याधींत शेकडा सत्तर ते ब्याण्णव लोकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरवला. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर अनेक भारतीय भाषांतून उपलब्ध आहे. आपल्या घरात कोणी दीर्घकाळ उदास असेल, झोप उडाली असेल, जगणे नकोसे झाल्याचे बोलत असेल, तर लाज वा भीती न बाळगता तेथे बोलावे. परंतु दूरध्वनीच्या पलीकडे ऐकणारा माणूस हवा, आणि त्याने दुःखिताची भाषा जाणली पाहिजे. तो माणूस कोणाच्या तरी घरातून, कोणत्या तरी महाविद्यालयातूनच तयार होणार.

सर्वच विद्यार्थी त्या मार्गाने जाणार नाहीत. पुष्कळजणी पदवी घेऊन नोकरी करतील, संसार करतील. त्यांचे शिक्षण वाया गेले काय? मुळीच नाही. एखाद्या माणसाविषयी मत बनवण्यापूर्वी थांबावे, तो कोणत्या परिस्थितीत वाढला, कोणत्या भाषेत विचार करतो हे पाहावे, आणि आपली समजूत चुकीची ठरल्यास ती सोडून द्यावी, एवढी सवय जरी तीन वर्षांत अंगी बाणली, तरी ती घरात, शाळेत, कचेरीत आयुष्यभर उपयोगी पडते. तेव्हा पालकहो, मुलीने मानसशास्त्र घेण्याची इच्छा सांगितली तर चटकन नकार देऊ नका. ‘का घ्यावेसे वाटते?’ एवढेच विचारा, आणि तिचे उत्तर पुरते ऐकून घ्या. ती जे शास्त्र शिकू पाहते आहे, त्याचा आरंभही असाच ऐकून घेण्यापासून होतो.