विद्यापीठाच्या दप्तरातील सहविचार

1862 साली मुंबई विद्यापीठाचे पहिले चार पदवीधर बी.ए. झाले आणि त्या चौघांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते, ही गोष्ट महाराष्ट्र आजही अभिमानाने सांगतो; परंतु त्या चौघांची नावे नोंदवहीत उतरवून घेणारा आणि त्यांची कागदपत्रे जपून ठेवणारा कारकून कोण होता, याची चौकशी आपण कधी केली नाही. विद्यापीठ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्राध्यापक येतात, ग्रंथालय येते, फार तर कुलगुरूंचे नाव येते. ज्या हातांतून विद्यार्थ्याचा प्रवेश, पात्रता, परीक्षा, निकाल आणि पदवी ही सारी प्रकरणे एकामागून एक पार पडतात, ते हात मात्र काम अडले म्हणजेच आपल्याला दिसतात, आणि तेही बहुधा रोषाचे विषय म्हणून.

चार पदव्यांचा हिशेब एका माणसाला एका टेबलावर ठेवता येतो. 2017 च्या उन्हाळ्यात त्याच मुंबई विद्यापीठापुढे 477 परीक्षांच्या सुमारे 17 लाख उत्तरपत्रिका होत्या, आणि त्या संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय परीक्षा सुरू होऊन गेल्यावर अमलात येत होता. पुढे काय झाले ते सर्वांना स्मरत असेल. कुलपतींनी 31 जुलैची मुदत घालून दिली, ती टळली. निकाल सप्टेंबरपर्यंत लांबले. पदव्युत्तर प्रवेशासाठी आणि परदेशी जाण्यासाठी गुणपत्रकाची वाट पाहणारी मुले हवालदिल झाली. आणि अखेर त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. परीक्षेनंतर 30 दिवसांत, आणि कोणत्याही परिस्थितीत 45 दिवसांच्या आत निकाल जाहीर झाला पाहिजे, असे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमात स्वच्छ लिहिलेले असताना हे घडले. संगणकावर उत्तरपत्रिका तपासण्याची कल्पना मुळातच वाईट होती असे मला वाटत नाही. परंतु महाविद्यालयांतून गठ्ठे कोणत्या क्रमाने येतात, पुरवणी मूळ उत्तरपत्रिकेपासून कोठे सुटते, आसनक्रमांक लिहिताना विद्यार्थी कोणत्या चुका करतो, हे ज्ञान कोणत्याही निविदेत नसते; ते परीक्षा विभागात वर्षानुवर्षे गठ्ठे सोडणाऱ्या वरिष्ठ लिपिकापाशी आणि ते वाहून आणणाऱ्या शिपायापाशी असते. त्यांना एकत्र बसवून, एक लहानसा प्रयोग करून, त्यातून सुधारत पुढे जाण्यास जो अवकाश लागतो, तो त्या घाईत कोणालाही उरला नव्हता.

इतकी मोठी आपत्ती नित्य येत नाही. नित्य घडते ते फार साधे असते, आणि माझ्या मते खरे दुःख तेथेच आहे. समजा, सुरगाणा तालुक्यातील एका मुलीच्या नावातील एक अक्षर महाविद्यालयात प्रवेश अर्ज भरताना चुकले. तीच चूक पात्रता विभागाच्या नोंदीत गेली, तीच पीआरएन या कायम नोंदणी क्रमांकाला चिकटली, तीच परीक्षा विभागाच्या यादीत, गुणपत्रकावर आणि शेवटी पदवी प्रमाणपत्रावर उतरली. मुलीच्या ध्यानात ती आली तेव्हा नोकरीची मुलाखत तोंडावर आली होती, किंवा जर्मनीच्या एखाद्या विद्यापीठाने ट्रान्स्क्रिप्ट मागवले होते आणि त्यावरील नाव पारपत्रावरील नावाशी जुळत नव्हते. ती प्राचार्यांचे पत्र, शाळा सोडल्याचा दाखला आणि बारावीचे गुणपत्रक घेऊन नाशिक जिल्ह्याच्या त्या टोकापासून पुण्याला गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारात येते. परीक्षा विभाग म्हणतो, आधी पात्रता विभागात दुरुस्ती करून आणा. पात्रता विभाग म्हणतो, महाविद्यालयाकडून विहित नमुन्यात प्रस्ताव येऊ द्या. प्रस्ताव आला, दुरुस्ती झाली, तरी जुनी गुणपत्रके बदलण्यासाठी निराळा अर्ज, निराळे शुल्क. आणि पदवी प्रमाणपत्राचे काम पाहणाऱ्या विभागाला या साऱ्याची वार्ताच नाही.

या हेलपाट्यांत कोणाची कसूर आहे? प्रत्येक खिडकीमागील कर्मचारी आपल्या नियमाप्रमाणे बरोबरच वागला आहे. कागद अभिप्रायार्थ सादर झाला, त्यावर शेरा पडला, आवक-जावक नोंद झाली, नस्ती पुढे गेली. दोष असलाच तर तो दोन टेबलांच्या मधल्या जागेत आहे. त्या जागेचा अधिकारी कोणीही नसल्यामुळे तो दोष एकट्यादुकट्या कर्मचाऱ्याला, तो कितीही कर्तव्यदक्ष असला तरी, दूर करता येत नाही. वरून काढलेले परिपत्रकही तेथे फारसे पोचत नाही, कारण परिपत्रक विभागाला उद्देशून असते, विभागांच्या मधल्या रस्त्याला नव्हे. तो रस्ता नीट करायचा तर पात्रता, परीक्षा आणि पदवी या तिन्ही विभागांतील, प्रत्यक्ष कागद हाताळणाऱ्या माणसांनी असे एखादे खरे प्रकरण समोर ठेवून एका टेबलाभोवती बसले पाहिजे, आणि ते कोठे किती दिवस थांबले, का थांबले, हे एकमेकांना निर्भयपणे सांगितले पाहिजे. माझे म्हणणे एवढेच आहे, आणि ते लहान वाटले तरी आपल्या विद्यापीठांच्या रोजच्या कारभाराला त्याची निकड आहे असे मी अगदी गंभीरपणे म्हणतो.

कार्यालयीन सुधारणेची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. 1980 नंतरच्या वर्षांत अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी आपल्या कार्यालयात जी पद्धत बसवली, ती पुढे त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. अभिलेखांचे वर्ग पाडून कोणता कागद कायम ठेवायचा व कोणता वर्षभराने नष्ट करायचा हे ठरवणे, आणि प्रत्येक कारकुनाच्या कामाची सहा गठ्ठ्यांत विभागणी करणे, हा तिचा गाभा. प्रलंबित प्रकरणे एकीकडे, दुसऱ्याच्या उत्तराची प्रतीक्षा असलेली निराळी, नियतकालिक विवरणे निराळी, स्थायी आदेश निराळे, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद निराळे आणि नष्ट करायचे निराळे. वाचताना ही मांडणी अगदी साधी वाटते. पण ज्याने धुळीने भरलेल्या कपाटातून एखादा जुना आदेश शोधला आहे, त्याला तिचे मोल कळेल. तिचे खरे मर्म मला असे दिसते की, तिने सुधारणेचा आरंभ साहेबांच्या केबिनमध्ये केला नाही, कारकुनाच्या टेबलावर केला. पुढे सरकारी कामातील विलंबास प्रतिबंध करणाऱ्या महाराष्ट्राच्या 2005 च्या कायद्याने सरकारी कर्मचाऱ्याकडे कोणतीही नस्ती सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ पडून राहू नये असा दंडक घातला. दंडक आवश्यकच होता. परंतु सात दिवसांनी एका टेबलावरून उठलेली नस्ती दुसऱ्या टेबलावर सात दिवस बसली, तिसऱ्यावरून त्रुटी काढून पहिल्याकडे परत आली, तर कायदा पाळला गेला आणि विद्यार्थी तेथेच राहिला, असे होऊ शकते. लखीना पद्धतीने एकेका टेबलाला शिस्त लावली. विद्यापीठांत आता टेबलांना परस्परांशी जोडण्याचे काम शिल्लक आहे.

संगणक हे काम आपोआप करील, अशी आशा पुष्कळांना वाटते. तीन विभागांची विसंगत पद्धत जशीच्या तशी संगणकात घातली तर विसंगती अधिक वेगाने फिरू लागते, एवढेच.

अशा बैठकांवरचा एक आक्षेप मात्र वजनदार आहे. निम्म्या खुर्च्या रिकाम्या, उरलेल्यांत कित्येक कंत्राटी, एका लिपिकाकडे तिघांचा कार्यभार, अशी जेथे अवस्था असेल तेथे बैठकांस वेळ कोठून आणायचा, असे कर्मचारी विचारतात, आणि त्यांचे विचारणे रास्त आहे. रिक्त पदे भरल्यावाचून शासनाला कर्मचाऱ्यांकडून कार्यक्षमतेची अपेक्षा करण्याचा नैतिक अधिकार पोचत नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये आश्वासित प्रगती योजना, सातव्या वेतन आयोगाचे लाभ अशा मागण्यांसाठी शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार घातला, तेव्हा परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. आणि ज्यांच्यावाचून विद्यापीठाचा गाडा हलत नाही, त्यांचे अस्तित्व त्या दिवसांत वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानांवर आले. मागण्यांचा निर्णय व्हायलाच हवा. तथापि ज्या माणसाला तिघांचे काम करावे लागते, त्याच्या वाट्याचे निरर्थक काम कमी करण्याचा उपायही त्याच्याच सहविचारातून निघणार आहे. चुकीच्या नावाचा तोच अर्ज चार वेळा हाताळण्यात जे दिवस जातात, ते कोणत्याही भरतीने परत मिळत नाहीत.

मात्र हा सहविचार कर्मचाऱ्यांच्या सद्भावनेवर सोडून चालणार नाही. आज दुसऱ्या विभागातील लिपिकाशी परस्पर बोलून एखादी अडचण सोडवणारा माणूस मर्यादा ओलांडतो असे मानले जाते, आणि त्याचा कक्षाधिकारी त्याला जाब विचारू शकतो. कुलसचिवांनी लेखी आदेशाने ही भीती काढून टाकली पाहिजे. संबंधित विभागांतील लिपिक, अधीक्षक आणि सहायक कुलसचिव यांनी ठरावीक दिवशी एकत्र बसावे, ती वेळ कार्यालयीन कामाची गणली जावी, बैठकीत कनिष्ठाने प्रथम बोलावे, आणि जी दुरुस्ती नियमाच्या चौकटीत बसते ती तेथेच मान्य करून दुसऱ्या दिवसापासून अमलात आणण्याचा अधिकार त्या बैठकीला असावा. नियमच बदलावा लागत असेल तर तो प्रस्ताव बैठकीच्या नावानिशी व्यवस्थापन परिषदेपुढे जावा. संलग्न महाविद्यालयांच्या कार्यालयांतील माणसांनाही बोलावले पाहिजे, कारण चूक पुष्कळदा तेथे जन्मते आणि तेथेच सर्वांत स्वस्तात दुरुस्त होते. ज्यांनी ही सुधारणा केली त्यांची नोंद त्यांच्या गोपनीय अहवालात व्हावी.

एका सत्राचे निकाल लागून गेल्यावर पुढच्या परीक्षांची धावपळ सुरू होईपर्यंत जो थोडा अवकाश मिळतो, तो यासाठी योग्य आहे. पहिल्या बैठकीपुढे नावाच्या दुरुस्तीचे प्रकरण ठेवावे. त्यात पैसा लागत नाही, धोरणाचा वाद नाही, आणि पात्रता विभागात एकदा झालेली दुरुस्ती परीक्षा व पदवीच्या नोंदीत त्याच आठवड्यात, विद्यार्थ्याने पुन्हा अर्ज न करता, उतरली की नाही, हे कोणालाही तपासून पाहता येते.