विश्लेषण : मामा तलावांचा काठ गावाचा, मग दुरुस्तीचा पैसा कुणाचा?

ब्रिटनमध्ये १९६५ साली 'नॅशनल ट्रस्ट' या संस्थेने समुद्रकिनारे विकत घेण्यासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करायला सुरुवात केली. कारखाने आणि बंगले उभे राहण्याआधी किनारा ताब्यात घ्यायचा आणि तो सर्वांना कायम खुला ठेवायचा, ही कल्पना. आज इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये मिळून हजार किलोमीटरहून अधिक किनारा या संस्थेकडे आहे. भंडारा जिल्ह्याला समुद्र नाही, पण तलावांचे काठ अमाप आहेत. ते विकत घेण्याचीही गरज नाही, कारण ते आधीच सार्वजनिक आहेत. तरीही ते गावाच्या हातून निसटत आहेत.

हे तलाव कुणी बांधले?

पूर्व विदर्भात सुमारे सात हजार माजी मालगुजारी तलाव आहेत. सरकारी कागदांत आणि बोलण्यात त्यांचे नाव 'मामा तलाव'. गोंड राजवटीत कोहळी समाजाच्या जाणकारांनी यांतील बरेच तलाव उभे केले. तलाव बांधणाऱ्याला त्याखालची जमीन कसायला मिळे, असे परंपरेने सांगितले जाते. पाण्यावर धान पिके, ढिवर मासे धरत आणि शिंगाडे लावत, गुरे काठावर चरत. दुरुस्ती मालगुजार आणि गावकरी मिळून करत.

मध्य प्रदेशच्या १९५०च्या कायद्याने मालगुजारी संपली. भंडारा तेव्हा त्याच राज्यात होता. ३१ मार्च १९५१ पासून तलाव सरकारजमा झाले. निस्ताराचे हक्क मात्र लोकांकडे राहिले. शेतकऱ्यांना पाणी हक्काने मिळत असल्याने सरकारला त्यातून फारसे उत्पन्न नव्हते, आणि ज्यातून उत्पन्न नाही त्याच्या देखभालीला कोणत्याही खात्यात वाली नसतो. मालक गेला, मालकी आली, पण फावडे कुणाच्याच हाती राहिले नाही.

हक्क कागदावर किती पक्के?

बरेच पक्के. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांची तरतूद आहे. चराई, पाणी, वाट, मासेमारी यांचे रिवाज त्यात नोंदवता येतात. तलाव वनजमिनीत असेल तर २००६च्या वनहक्क कायद्यानुसार ग्रामसभेला मासे आणि चराईवर सामूहिक हक्क मागता येतो. पाणलोटातील झुडपी जंगल ही वनजमीनच, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये सांगितले. सार्वजनिक तळी आणि गायरानांवरील अतिक्रमणे हटवा, असा आदेश याच न्यायालयाने २०११ साली जगपाल सिंग खटल्यात दिला होता. तरीही बुडीत क्षेत्रात दरवर्षी धुरे पुढे सरकतात. गाळाने तलाव उथळ झाला की कोरडी पडलेली जमीन कुणाची तरी होऊन बसते. देखभाल आणि अतिक्रमण हे दोन वेगळे प्रश्न नाहीत, ते असे.

पैसा खरोखरच नाही का?

याच जिल्ह्यातील गोसीखुर्द प्रकल्पाचा मूळ खर्च ३७२ कोटी रुपये होता. तो वाढत १८ हजार कोटींच्या पुढे गेला. तेव्हा पैसा नाही, हे उत्तर भंडाऱ्यात तरी कुणी देऊ नये.

मामा तलावांसाठीही योजना आल्या. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' २०१७ पासून आहे. रोजगार हमीतून गाळ काढता येतो. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. त्यामुळे जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी जमा होतो आणि खाणबाधित गावांत तो जलसंधारणावर खर्च करता येतो. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी वेगळाच.

अडचण आहे ती हा पैसा कशावर खर्च होतो याची. यंत्राने तलावाचे पोट सरसकट खरवडले की काठाचा मंद उतार जातो. माशांची अंडी, पाणवनस्पती आणि पाय भिजवत चरणारे पक्षी याच उथळ पाण्यात असतात. शहरालगत दुसरा प्रकार दिसतो, सुशोभीकरणाचा. सिमेंटची भिंत, रंगीत फरशी, कारंजे आणि तिकिटाची खिडकी. फिरायला येणाऱ्याची सोय होते, पण म्हैस पाण्यावर नेणाऱ्याची आणि जाळे घेऊन उतरणाऱ्या ढिवराची वाट बंद होते. अशा कामाला सार्वजनिक सोय कसे म्हणायचे?

वेगळे करून दाखवलेले आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजासोबत अर्जुनी मोरगाव परिसरात काम केले. हा तालुका १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यातच होता. बेशरम उपटायची, उन्हाळ्यात कोरडे पोट नांगरायचे, स्थानिक पाणवनस्पती लावायच्या, असे ते काम. त्यात स्त्रिया पुढे होत्या. मरळीसारखे गावठी मासे परत येऊ लागले. यात यंत्रे कमी आणि मजुरी जास्त, म्हणून एका तलावाला लागणारी रक्कमही आटोक्यातली.

निधी उभा करायचा तो इथे. एकदाच मोठा आणि मग विसरलेला नव्हे, तर दरवर्षी थोडा. मासेमारीच्या ठेक्याचे पैसे सर्वसाधारण खात्यात न मिसळता त्याच तलावाच्या नावे ठेवता येतील. त्यात खनिज निधी किंवा कंपन्यांच्या मदतीची भर घालता येईल. खर्चाचा ठराव ग्रामसभेने करावा आणि त्या सभेत ढिवर आणि गुराखी बसलेले असावेत. पैसे देणाऱ्या कंपनीने काठावर स्वतःच्या नावाची पाटी लावली तर हरकत नाही, कुंपण मात्र नको.

वेळेचा मुद्दा सहसा सुटतो. हे काम पाणी उतरल्यावर, होळीपासून मृग लागेपर्यंतच होते. मार्चअखेरीस मंजूर झालेला निधी निविदेच्या चक्रातून बाहेर येतो तोवर अनेकदा पहिला पाऊस पडलेला असतो. येत्या उन्हाळ्यात काम हवे असेल, तर ठराव आणि अंदाजपत्रक दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत व्हायला हवे.