काउंटरचा कॉम्प्युटर अजून जुन्या मुलाच्या नावावर आहे का?

रोह्यातलं किराणा दुकान असो की पेणमधला गणपतीचा कारखाना, काउंटरवरची माणसं बदलत राहतात. कॉम्प्युटरवरचं अकाउंट मात्र पहिल्या मुलाच्या नावाने तसंच राहतं. लायसन्सचा खर्च वाचवायला तुम्ही उबुंटू लिनक्स टाकलं असेल, तर हे नीट वाचा.

सेटिंगमध्ये जाऊन नाव ‘काउंटर’ केलं की काम झालं असं वाटतं. पण ती फक्त बाहेरची पाटी. टर्मिनल उघडून ‘हूॲमआय’ कमांड द्या, जुनंच नाव दिसेल. मग वैतागून लोक नवीन अकाउंट उघडतात. आणि जुनी बिलं उघडायला गेलं की ‘परवानगी नाही’!

कारण सोपं आहे. लिनक्स फाइलचा मालक नावावरून नाही, नंबरवरून ओळखतं. उबुंटूत पहिल्या अकाउंटचा नंबर साधारण 1000 असतो, पुढच्याचा 1001. तुमच्या जीएसटी नंबरसारखंच हे. दुकानाची पाटी बदलली तरी 27 ने सुरू होणारा, आत पॅन असलेला नंबर तोच राहतो.

म्हणून माझं स्पष्ट मत: नवीन अकाउंट उघडू नका, आहे त्याचंच नाव बदला. नंबर तोच, फाइलही तुमच्याच.

कसं करायचं?
1. आधी पेनड्राइव्हवर बॅकअप घ्या.
2. त्या अकाउंटमधून लॉगआउट करून दुसऱ्या ॲडमिन अकाउंटमधून आत या.
3. ‘सुडो युजरमॉड’ला ‘-एल’ लावून आधी नवीन नाव, मग जुनं नाव लिहा.
4. होम फोल्डर आपोआप बदलत नाही. त्यासाठी ‘-डी’ पुढे नवा पत्ता आणि ‘-एम’ लावून तीच कमांड पुन्हा द्या.
5. ग्रुपचं नाव ‘सुडो ग्रुपमॉड -एन’ ने बदला. शेवटी ‘आयडी’ कमांडने तपासा.

खरा धोका इथेच आहे. रात्रीचा आपोआप बॅकअप ‘क्रॉन’वर लावला असेल, तर त्याची यादी जुन्या नावावरच राहते. ती हाताने बदलावी लागते. नाहीतर बॅकअप गुपचूप बंद पडतो आणि हार्डडिस्क गेली की मगच कळतं. बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये जुन्या फोल्डरचा पत्ता असेल तर तोही बदला.

काही जण म्हणतील, प्रत्येकाचं वेगळं अकाउंट असलं की बिल कोणी केलं ते कळतं. बरोबर आहे. पण ती नोंद बिलिंग सॉफ्टवेअरच्या लॉगिनमध्ये ठेवा. कॉम्प्युटरचं अकाउंट कामाच्या नावाने असू द्या: काउंटर, गोडाऊन, हिशोब. माणूस गेला की फक्त पासवर्ड बदलायचा.

आणि दुरुस्तीवाला ‘फॉरमॅट मारूया’ म्हणाला, तर आधी एवढं करून बघा. दहा मिनिटांच्या कामासाठी वर्षाचा हिशोब पणाला लावू नका. धंदा तुमचा आहे, त्याच्या चाव्याही तुमच्याकडेच हव्यात.