पिशवी काढण्याआधी तपासणी

मी केज तालुक्यातली आशा सेविका. दसरा झाला की ऊसतोडीला कोयते निघायची घाई होते, तेव्हाच बाया कानाशी येऊन कुजबुजतात, "ताई, अंगावरून पांढरं जातंय." फडात ना पाणी, ना आडोसा. दुखणं अंगावर काढायचं आणि शेवटी गर्भपिशवीच काढून टाकायची! 2019मध्ये सरकारला अशा ऑपरेशनांच्या चौकशीसाठी समिती नेमावी लागली. खरं तर पांढरं जाणं म्हणजे बरेचदा साधा जंतुसंसर्ग असतो, गोळ्यांनी बरा होणारा. संबंधातून आला असेल तर नवऱ्यानंही औषध घ्यायचं, नाहीतर तो फिरून येतो. जिल्हा रुग्णालयाच्या सुरक्षा क्लिनिकमध्ये तपासणी आणि औषध मोफत मिळतं. बायांनो, टोळीच्या गाडीत बसण्याआधी जोडीनं तपासून या.